कोथरूडच्या कार्यालयात भुतांचा बाजार

पुलगावहून पुण्याची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत लेकीसाठी जवसाची चटणी आणि नातीसाठी शेंगदाण्याचे लाडू होते, आणि डोक्यात राग होता. राग कवट्यांचा. आठवड्यापूर्वी प्रज्ञानं, म्हणजे माझ्या लेकीनं, फोनवर एक फोटो पाठवला होता. तिच्या दिवाणखान्यातलं काचेचं कपाट, आणि त्यात ओळीनं मांडलेल्या कवट्या, वटवाघळं, दात विचकणारी एक बाहुली. खाली तिनं लिहिलं होतं, ‘आई, कलेक्शन बघ.’

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. माझे वडील छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन आले आणि घरातले ताईत, गंडे, अंगारे सगळे त्यांनी खड्डा खणून पुरून टाकले. पुढे ते खेडोपाडी जाऊन ‘भूत नसतं’ हे लोकांना समजावून सांगत फिरले. त्यांची नात पगारातले पैसे घालून घरात भुतं मांडते, हे मला काही केल्या पटत नव्हतं. जावई कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलेले. एकटेपणात पोरीचं काही बिनसलं तर नाही ना, ही भीतीही रागाच्या पोटात होतीच. ह्यांचे गुडघे धरलेले असल्यामुळे मी एकटीच निघाले.

पुणे स्टेशनवर सकाळी उतरले तर हवेत गारवा होता. प्रज्ञा वाघोलीला राहते. नगर रस्त्यानं टॅक्सी इंच इंच सरकत होती. दोन्ही बाजूंना उंच इमारती, कॉलेजांच्या पाट्या, मधूनच एखादं ज्वारीचं शेत आपण अजून इथे आहोत हे दाखवत उभं. मी टॅक्सीवाल्याला विचारलं, “वाघोली अजून किती लांब आहे?”

“लांब नाहीये. उशीर आहे,” तो म्हणाला.

पुण्यात असंच बोलतात, हे प्रज्ञानं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

दार मैत्रीनं उघडलं. माझी नात सहा वर्षांची आहे. तिनं मला मिठी मारली आणि हाताला धरून थेट त्या कपाटापुढे नेऊन उभं केलं. “आजी, घाबरू नकोस. हे सगळे ओरिजिनल आहेत.”

प्रज्ञा हसत स्वयंपाकघरातून आली. चेहरा टवटवीत होता. माझी निम्मी काळजी तिथंच उतरली, राग मात्र जागेवर होता. तिनं मला एक बाहुली उलटी करून तळाशी चिकटवलेलं चकाकणारं लेबल दाखवलं. ही बाहुली टीव्हीवरच्या एका मालिकेतली. ज्या कंपनीनं ती मालिका काढली, तिच्या परवान्यानं बनवलेल्या वस्तूवर असं लेबल असतं. रस्त्यावर मिळतात त्या नकला. ती आणि तिच्यासारखे पुष्कळजण हॅलोविनची (ऑक्टोबरअखेर येणारा पाश्चात्त्यांचा भुतांचा सण) वर्षभर वाट बघतात आणि आपल्या आवडत्या मालिकांतली भुतं गोळा करतात.

“तुझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर?” मी विचारलं.

“आजोबांनी विचारलं असतं, तू मानतेस का? मी सांगितलं असतं, नाही. अगं आई, आम्ही कोणीच मानत नाही. म्हणून तर मजा येते.”

मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, पण भूक लागली होती. गरम पोहे खाल्ले. जवसाची चटणी पोह्यांवर घालणाऱ्या लेकीशी फार वेळ भांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आम्ही खडकीला गेलो. तिथे दारूगोळ्याच्या कारखान्यात माझे धाकटे दीर नोकरीला आहेत आणि त्यांच्या क्वार्टर्सजवळ विहार आहे. वंदनेसाठी मी पांढरी साडी नेसले होते. खडकी मला आवडलं. जुनी मोठी झाडं, बैठी घरं, दारासमोर झाडलेलं अंगण. वाघोलीहून आल्यावर कान रिकामे झाल्यासारखे वाटले. जाऊबाईंनी भाकरी आणि झुणका केला होता. जेवताना दीर म्हणाले, “वहिनी, दुपारी प्रज्ञाबरोबर जाताय म्हणे भुतांच्या जत्रेला.”

“ही नेते आहे म्हणून जाते आहे,” मी म्हणाले.

जत्रा कोथरूडला होती, एका कार्यालयात (आपल्याकडे लग्नाचा लॉन असतो तसं, पण छपराखाली). बाहेर पाट्याच पाट्या. ‘अक्षता फेकू नयेत.’ ‘भिंतीला टेकू नये.’ ‘पाणी पिण्यासाठी आहे.’ आणि दारातच खुर्ची टाकून कार्यालयाचे व्यवस्थापक बसलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अंगभर पट्ट्या गुंडाळलेला एक मुलगा आत शिरत होता, त्याला त्यांनी हात आडवा केला.

“चपला बाहेर.”

“काका, मी ममी आहे.”

“ममीनं चपला बाहेर काढाव्यात.”

आत गेले आणि थक्क होऊन उभी राहिले. जिथे एरवी पंगती बसत असतील तिथे टेबलांच्या रांगा. टी-शर्ट, मुखवटे, भोपळ्याचे दिवे, कवटीचे कप, लहान-मोठे पुतळे. तरुण मुलं पुतळ्यांची खोकी अशी अलगद हातात धरत होती, की आत जणू तान्हं मूल असावं. रक्ताळलेली नवरी पाणीपुरी खात होती. डोक्यात कुऱ्हाड रुतलेला एक आडदांड माणूस मला “या ना काकू, इथून या” म्हणत वाट करून देत होता.

प्रज्ञानं तिच्या लाडक्या मालिकेतल्या चेटकिणीचा पोशाख घातला होता. काळा पायघोळ झगा, टोकदार टोपी, अर्धा हिरवा मुखवटा. मैत्रीच्या पिवळ्या फ्रॉकवर वटवाघळाचे पंख. पण परवान्याच्या पोशाखाची गंमत अशी, की तो सगळ्यांकडे अगदी एकसारखा असतो. त्या हॉलमध्ये प्रज्ञासारख्या चेटकिणी जिकडेतिकडे होत्या.

दोन मुली माझ्याजवळ आल्या. एक म्हणाली, “आजी, तुमचा लूक जबरदस्त आहे. हडळ ना?”

मी स्वतःकडे पाहिलं. पांढरी साडी, पांढरे केस. “नाही गं. मी विहारातून आले आहे.”

ती बिचारी ओशाळली, सॉरी सॉरी म्हणू लागली. मलाच हसू आलं. म्हटलं, काढा काय फोटो काढायचा तो. मैत्री शेजारी चुळबुळत होती. दोन टेबलांपलीकडे चेटकीण पाठमोरी उभी होती, तिच्याकडे बोट दाखवून मी म्हणाले, “जा, आईजवळ थांब.” ती गेली. तिनं झग्याचं टोक मुठीत धरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि निर्धास्त होऊन फोटोसाठी वळले.

थोड्या वेळानं प्रज्ञा आली, ती समोरच्या बाजूनं. टोपी काखेत, हातात एक खोकं. “मैत्री कुठाय?”

“तुझ्याजवळ.”

“माझ्याजवळ कुठे? मी तर पलीकडच्या टोकाला होते.”

प्रज्ञाच्या हातातलं खोकं खाली पडलं. ज्या पुतळ्यासाठी ती महिनाभर थांबली होती तो फरशीवर आपटला, आणि तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतरचा वेळ किती होता मला सांगता येणार नाही. प्रज्ञा हाका मारत टेबलांमधून धावत सुटली. मी दिसेल त्या चेटकिणीचा झगा धरून तिला वळवत होते, आणि प्रत्येक वेळी तोच हिरवा चेहरा माझ्याकडे बघायचा. गाणी इतक्या मोठ्यानं लागली होती की माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. बाहेर कोथरूडचा रस्ता, दुचाक्या, बसेस. वडिलांनी मला भुतांची भीती कधी शिकवली नाही, पण त्या वेळी मी भ्यायले. समोर कुऱ्हाडवाला माणूस दिसला, मी त्याचाच हात धरला.

“काय झालं काकू?”

मी कसंबसं सांगितलं. तो मला खुर्चीवर बसवून दाराकडे धावला. मिनिटभरात गाणी बंद पडली आणि माइकवर व्यवस्थापकांचा कोरडा आवाज आला.

“नमस्कार. मैत्री नावाची सहा वर्षांची मुलगी सापडत नाहीये. पिवळा फ्रॉक, पाठीला पंख. मुख्य दार बंद केलं आहे. सर्वांनी मुखवटे उतरवावेत. जे उतरवणार नाहीत ते खरे आहेत असं समजून पोलिसांच्या हवाली केले जातील.”

कोणी हसलं नाही. मुखवटे उतरले. आतून माणसं निघाली. दाताला तारा लावलेली मुलगी, चष्म्याच्या खुणा नाकावर असलेला मुलगा, पन्नाशीचे एक गृहस्थ, जे सोमवारी बँकेत काउंटरमागे सहज शोभले असते. कोणी सांगायची वाट बघितली नाही. काहीजण टेबलांखाली वाकून पाहू लागले, काही स्वयंपाकघराकडे गेले. रक्ताळलेली नवरी मागच्या दारानं रस्त्यावर जाऊन स्कूटरवाल्यांना अडवून विचारत होती. कुऱ्हाडवाला फाटकात पाय रोवून उभा राहिला.

एवढ्यात जीन्स घातलेली एक मुलगी मागच्या दारानं बाहेरून आली. ती वडापाव खायला गेली होती, दाराशी गर्दी पाहून परतली. तिनं प्रज्ञाचा झगा पाहिला आणि थबकली. “मी पण हीच चेटकीण होते,” ती म्हणाली. “मघाशी वर कपडे बदलायला गेले, तेव्हा जिन्यात माझ्यामागे कोणीतरी येतंय असं वाटत होतं. मैत्रिणी घाबरवतात ना, म्हणून मी मुद्दाम मागे बघितलंच नाही.”

व्यवस्थापक उठले. “वधूपक्षाची खोली. ती मी आत्ताच कुलूप लावून आलो.” वयाच्या मानानं ते जिना फार भराभर चढले. त्यांच्या मागे प्रज्ञा, मागे मी, आणि माझ्यामागे निम्मी जत्रा. कुलूप काढताना त्यांची किल्ली दोनदा चुकली.

खोलीच्या कोपऱ्यात झगे, शेपट्या, पंख यांचा ढीग पडला होता, आणि त्या ढिगाच्या मागे भिंतीला टेकून मैत्री बसली होती. गालांवर अश्रू वाळलेले. प्रज्ञानं तिला उचललं आणि छातीशी असं धरलं की वटवाघळाचा एक पंख मोडला. मैत्रीनं आधी आईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला.

“मी आईच्या मागे आले,” ती मला म्हणाली. “मग तिनं आई काढून ठेवली, आणि आत दुसरीच बाई होती. म्हणून मी लपले.”

ती जीन्सवाली मुलगी दारातच खाली बसून रडू लागली. मीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. जिन्यात कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कुऱ्हाडवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तसे त्याच्या चेहऱ्यावरचे रंग ओघळले. मला चक्क हसू येत होतं.

व्यवस्थापकांनी आमच्यासाठी चहा मागवला. बशीत ओतून मैत्रीला थोडं दूध दिलं. मी त्यांचे आभार मानू लागले तर म्हणाले, “आभार कशाला? खोली न बघता कुलूप मीच लावलं.” मग घसा खाकरून पुढे म्हणाले, “भिंतीला टेकली होती. पाटी वाचता येत नसेल अजून. असू दे.”

परतीच्या वाटेवर प्रज्ञाला वाटत होतं मी आता सुनावणार. पुलगावपासून तयार करून आणलेलं सगळं भाषण माझ्याजवळ होतंच. पण ते काढावंसं वाटेना. शेवटी तीच म्हणाली, “बोल ना आई.”

“तुझी माणसं चांगली आहेत,” मी म्हणाले. “आता भूक लागली आहे.”

मग आम्ही तिघींनी मस्तानी (आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध) घेतली. मला एक संपेना, मैत्रीनं स्वतःची संपवून माझीही संपवली.

निघायच्या दिवशी त्या दोघी स्टेशनवर आल्या. प्रज्ञानं झग्याच्या बाहीला आतून लाल कापड शिवून घेतलं होतं आणि मैत्रीला ते दाखवलं होतं. गर्दीत आई ओळखायची खूण. तिच्या गटातल्या आणखी काही आयांनीही तसंच केलं म्हणे, हिरवं, निळं, ज्याचं त्याचं. गाडी हलली. मैत्री आईचा हात धरून उभी होती. तिनं मान वर करून आधी आईचा चेहरा पाहून घेतला आणि मग मला हात हलवला.

रात्रभर गाडीत मला शांत झोप लागली. वडिलांनी जे खड्ड्यात पुरलं ते भुतांचं भय होतं. कोथरूडच्या त्या मुलांकडे ते भय नव्हतंच. पोर हरवल्याचं भय मात्र त्यांनी आमच्याइतकंच खरं मानलं. वडील असते तर त्यांनी त्या कपाटापुढे उभं राहून चार प्रश्न विचारले असते, आणि बहुधा चहा घेऊन निघाले असते.

घरी पोहोचले तर हे ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. पिशवी हातातून घेत त्यांनी विचारलं, “काय पाहिलं पुण्यात?”

“अहो, पुष्कळ भुतं पाहिली,” मी म्हणाले. “सगळी आपापल्या घरी सुखरूप पोहोचली.”