कोठारातला बर्फ

बर्फ बघायला लोक हौसेनं जातात आणि परत आल्यावर फोटो दाखवत सुटतात. माझ्यापुढे कुणी असे फोटो धरले की मी चष्मा सापडत नाही म्हणून सांगतो. मी चार दिवस बर्फ उपसलेला माणूस आहे. तो पांढराशुभ्र वगैरे काही नसतो. भटारखान्यामागचा बर्फ चहाच्या चोथ्यानं तपकिरी असतो, बराकीमागचा पिवळा असतो, आणि तो पिवळा कशानं झाला हे विचारायचं नसतं. वितळवून चहा करावा तर त्याला रॉकेलचा वास. त्यात कुणाचा तरी केस हमखास. मला त्या बर्फाची जी किळस बसली ती आजतागायत गेलेली नाही.

एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. मला पलटणीत जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि आमची तुकडी पार वर, डोंगरातल्या एका ठाण्यावर होती. वरच्या चौक्यांना शिधा पोचवणं हे आमचं काम. माघात माझ्या बहिणीचं लग्न ठरलेलं. वडील लवकर गेले होते आणि तिचा सख्खा भाऊ मी एकटाच. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळून ‘माझ्या बहिणीला नीट सांभाळा’ असं बजावायचं ते मीच, हे ती परकर नेसत होती तेव्हापासून ठरलेलं होतं. लहानपणी ती माझ्याच कानावर त्याचा सराव करायची.

रजा मंजूर झाल्याचा कागद हातात पडला त्याच संध्याकाळी मला कोठारातून कांदे आणायला पाठवलं. मी गेलो, कांदे घेतले, आलो. दार लावलं नाही.

आता कुणी म्हणेल, दार लावायचं विसरतं का कुणी? आमच्याकडं विसरायचा प्रश्नच नव्हता. आमच्या शिंगणापूरला देवाच्या भरवशावर घराला नुसती चौकट असते, दार नसतं. फार तर कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी. अठरा वर्षं ज्या पोरानं आपल्या घराला कडी पाहिली नाही, त्याचा हात कडीकडं आपोआप कसा जाणार? दीड वर्षात तशी सवय लागत आली होती, नाही असं नाही. पण त्या संध्याकाळी मी मनानं घरी पोचलो होतो, आणि घरी पोचलेला माणूस दार कशाला लावील?

सकाळी पाहतो तर वाऱ्यानं सगळा डोंगर कोठारात आणून भरलेला. पिठाची पोती, रॉकेलचे डबे, डाळी, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आमचा सुभेदार हिमालयाकडच्या कुठल्याशा खेड्यातला. त्यानं आरडाओरडा केला नाही. दाराशी एक रिकामा डबा पालथा घातला, त्यावर बसला आणि म्हणाला, जेवढं आत आलंय तेवढं तू एकट्यानं बाहेर काढ आणि मग खुशाल घरी जा.

वाऱ्यानं ठासलेला बर्फ कापसासारखा असतो असं ज्यानं लिहिलं असेल त्याच्या हातात एकदा फावडं द्यायला हवं. आधी कुदळीनं फोडायचा, मग फावड्यानं ओढायचा, मग पाटीत भरून लांब टाकायचा, कारण जवळ टाकला तर वारा परत आत आणतो. अंगातून घाम आणि मिशीवर बर्फ. नाकातलं पाणी ओठावर गोठायचं आणि जीभ लागली की खारट. बनियन तीन दिवस अंगालाच चिकटलेला. माझा मलाच वास येत होता.

आणि सुभेदार उंटावरून शेळ्या हाकत बसलेला! वर त्याला आठवणींचा उमाळा आला. त्याच्या गावी म्हणे छतावरचा बर्फ ढकलायला सगळी गल्ली जमायची. त्याची आई ताज्या बर्फावर गूळ घालून पोरांना द्यायची. सांगताना त्याचे डोळे भरून यायचे. मला वाटायचं, हीच पाटी याच्या डोक्यावर रिकामी करावी.

मग मीही त्याला ऐकू न जाईल असा पुटपुटत आमचा हिवाळा आठवू लागलो. आमची थंडी शहाण्या पाहुण्यासारखी, उन्हं वर आली की आपण होऊन उठते. ज्वारीच्या ताटांवरचं दव, आगटीत भाजलेला हुरडा, हरभऱ्याच्या पानांवरची आंब बोटाला लावून चाटायची. आमच्या थंडीला फावडं लागत नाही. माझी बहीण हुरडा चोळायची तेव्हा तिचे तळवे हिरवे व्हायचे. तेच हात आता पिवळे व्हायचे होते आणि मी इथं मुताचा बर्फ उपसत होतो.

दुसऱ्या दिवशी खाली जाणारा ट्रक माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी रागानं कानटोपी काढून फेकली. सुभेदार ओरडला, कान झाक! मी झाकला नाही. संध्याकाळपर्यंत उजवा कान आधी बधिर, मग काळानिळा. चौथ्या दिवशी कोठार रिकामं झालं तोवर खालचा रस्ता बंद पडला होता, तो लग्नाची तिथी उलटून गेल्यावरच उघडला.

मी घरी पत्र टाकलं: बर्फामुळे रस्ता बंद झाला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि एवढं लबाड पत्र मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

चैत्रात रजेवर आलो तर गाव माझ्या पत्रावर फिदा. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं, विहिरींनी तळ गाठलेला, आणि लोक पारावर बसून मला विचारत, “बर्फ कंबरंएवढा हुता म्हनं?” “पोरगं मरता मरता वाचलं!” मी मान हलवत होतो. त्या मान हलवण्याची मला बर्फापेक्षा जास्त किळस आली. लग्नात नवऱ्या मुलाचा कान चुलतभावानं पिळला होता, असं आईनं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी अक्रोडांची पिशवी घेऊन सोनईला बहिणीकडं चालत गेलो. तिची सासू अंगणात गोवऱ्या रचत होती. बहिणीनं मला आत घेतलं आणि पाठीमागं दार लोटून कडी घातली. माझ्या बहिणीला कडी घालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“शिकलीस की!” मी म्हणालो.

“शिकवलं शेळीनं,” ती म्हणाली. “पयल्याच आठवड्यात दार तसंच टाकून पान्याला गेले. शेजारची शेळी आत शिरून सुपातली डाळ खाऊन गेली. आत्याबाई लई बोलल्या. म्या म्हनलं, चुकलं. दुसरं काय म्हननार?” मग हसून म्हणाली, “तुला न्हाई कळायचं, दादा. तुमच्याकडं मिल्ट्रीत समदं कडीकुलपात.”

अठरा वर्षांची पोर सासूपुढं उभी राहून एका शब्दात चूक कबूल करते, आणि मी एका इनलँड पत्रामागं लपतो! मी तिला सगळं सांगून टाकलं. दार, कोठार, ट्रक, सगळं.

ती बराच वेळ अक्रोडाच्या पिशवीची गाठ सोडत राहिली.

“अंतरपाट धरला तरी म्या रस्त्याकडं बघत हुते,” ती म्हणाली. “हितं समद्यांना सांगत हुते, माजा भाऊ बर्फात अडकलाय म्हनून. आन् तू नुसतं दार लावलं न्हाईस व्हय?”

“नाही लावलं.”

ती उठली. थोरल्या भावाच्या अंगावर हात टाकू नये हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं माझा उजवा कान धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पिळला. त्या कानाची कातडी अजून नीट भरली नव्हती. मी गुरासारखा ओरडलो.

बाहेरून सासूनं विचारलं, “काय झालं गं?”

“काय न्हाई, आत्याबाई,” बहीण म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कान तिनं सोडला नव्हता. “कानपिळी ऱ्हायली हुती आमची.”