रक्तातलं गणित

मेलबर्नच्या लॉकडाऊनमध्ये आमच्या घरात दोन गोष्टींचा साठा झाला, टॉयलेट पेपर आणि किस्से. पेपर केव्हाच संपला. किस्से मात्र अजून पुरून उरतायत! कारण आमचा शुक्रवारचा व्हिडिओ कॉल. टार्निट, पॉइंट कुक, डँडेनॉन्ग अशा उपनगरांत विखुरलेले आम्ही मराठी मित्रमैत्रिणी आपापला चहा घेऊन स्क्रीनसमोर बसायचो. शाळा घरातच भरत असल्यामुळे विषय एकच, पोरांचा अभ्यास.

*

डँडेनॉन्गचा निलेश गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. बारावीला गणितात त्याची दांडी उडाली होती आणि हे तो स्वतःच हसत हसत सांगतो. एकदा शेजारच्या ग्रेगनं त्याला कुंपणावरून हाक मारली, "मेट, तू इंडियन ना? माझ्या मुलीचं मॅथ्स जरा बघशील का?"

"नो वरीज!" म्हणत निलेश घरात आला, दार लावलं आणि पुण्याला मोठ्या भावाला फोन केला. "दादा, ते लाँग डिव्हिजन कसं करतात रे?"

आता ग्रेग गल्लीभर सांगतो की निलेश जीनियस आहे. आणि तिकडे दादा बिचारा ऑफिसच्या मीटिंगमधून उठून त्याला अपूर्णांक शिकवतो!

*

हा किस्सा ऐकून सगळे पोट धरून हसलो. टार्निटची सोनाली डोळे पुसत म्हणाली, "निलेश सोडला तर बाकी आपल्या लोकांच्या रक्तातच असतं हं गणित."

पॉइंट कुकचा मिलिंद फारसा बोलत नाही. इंजिनिअर माणूस, घरात बायको डॉक्टर. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या आजोबांना वर्गाबाहेर, दाराशी बसवायचे. रक्त तेव्हाही हेच होतं."

मी उगाच चहात चमचा फिरवला. शेवटी मिलिंदच हसला, "अरे, सगळे म्यूटवर गेलात का?"

*

सोनालीची लेक रेवा सहावीत. शाळेनं तिला गणिताच्या वरच्या गटात घातलं, तेव्हा सोनालीनं आनंदानं शिरा केला होता. पोरगी मात्र रोज रडायची. "आई, आय डोन्ट गेट इट. मला खालच्या ग्रुपमध्ये जायचंय."

सोनालीनं मन घट्ट करून मिसला फोन केला. मिस फार प्रेमळ बाई. म्हणाल्या, "काळजी करू नका. तुमच्याकडची मुलं नम्र असतात, इतकंच!"

म्हणजे पोरीला गणित येत नाही, यावरसुद्धा कोणी विश्वास ठेवेना! मला फार वाईट वाटलं.

*

सोनालीच्या शेजारी पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरून आलेलं कुटुंब राहतं. त्यांची सिना रेवाच्याच वर्गात. एका वाढदिवसाला सोनालीनं कुंपणावरून केक पुढे केला आणि म्हणाली, अर्धा तुमचा. सिनानं क्षणभर केककडे पाहिलं. "आंटी, हाफ इज नॉट फेअर. यू आर फोर, वी आर एट. यू कीप वन-थर्ड!"

रेवा आ वासून बघत राहिली.

ही सिना गणिताच्या खालच्या गटात! तिनंही मिसला विचारलं होतं, मला वर घ्याल का? मिस तिच्याशीही प्रेमानंच बोलल्या. "आधी थोडा कॉन्फिडन्स येऊ दे. आणि तू गातेस किती सुंदर!" सिना गात नाही. तिची मोठी बहीण गाते.

*

त्यानंतर रेवाचं रडणं थांबलं. सोनालीला हायसं वाटलं. फक्त एक गंमत तिच्या लक्षात आली होती. गणिताचा तास आला की रेवाचा लॅपटॉप कुंपणावरून पलीकडे जायचा आणि सिनाचा अलीकडे यायचा. तास संपला की दोन्ही परत आपापल्या घरी. नेट स्लो म्हणून मुलांचे कॅमेरे बंदच असत, उत्तरं चॅटमध्ये टाइप करायची. "खेळत असतील काहीतरी," सोनाली आम्हाला म्हणाली.

टर्म संपताना मिसबरोबर व्हिडिओवर पालकसभा झाली. सोनाली केस विंचरून बसली, शेजारी रेवा.

"रेवा इज ब्रिलियंट!" मिस म्हणाल्या. "काय एकेक उत्तरं देते! मी म्हटलं नव्हतं? इट्स इन युअर कल्चर!"

सोनालीचा चेहरा फुलला. ती थँक यू म्हणणार, तेवढ्यात रेवा उठली, मागची खिडकी उघडली आणि कुंपणाकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडली,

"सिना! मिस सेज यू आर ब्रिलियंट! इट्स इन अवर कल्चर!"