मामाजींचा गुळगुळीत दगड

माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐकायची आहे? ऐका बाई, एवीतेवी अकोलाभर झालीच आहे. बसूनच सांगते, पाठ धरली आहे.

सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली म्हणे. म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव, म्हणून ज्याला त्याला नक्षीचा दरवाजा हवा, म्हणून माझे सासरे, म्हणजे मामाजी, नि नवरा उजाडल्यापासून लाकूड कोरतात, आणि म्हणून मी, सुताराची नवी सून, दिवसभर भाकरी थापते!

त्यात एका शेठजींची वास्तुशांत तोंडावर आलेली, आणि पटाशी लाकडातल्या पाकळ्या कापायच्या सोडून ओरबाडायला लागली.

"धारच बसून नाई राहिली," हे करवादले.

"घास अजून दगडावर. घाई काहून करून राहिला?" मामाजी म्हणाले.

मी दाराआडून दगड पाहिला. गुळगुळीत! काचेसारखा! माहेरी बाबा नांगर-वखर घडवत. त्यांचा धारेचा दगड असा खरखरीत, की हात लावला तर साल निघावी. हा तर पार झिजलेला! पुरुषांना एवढंही कळू नये?

पण नव्या सुनेने बोलायचं थोडंच असतं? करायचं असतं.

दुपारी दोघे जेवून लवंडले, तोच गल्लीत आरोळी आली, "जात्याले टाकीऽऽ!" टाकारणीने जातं ठोकून खरखरीत केलं, तसा मी हळूच तो दगड पुढे केला.

"याले बी? लय चिकना हाय वं माय!"

"म्हणूनच तर! चांगले खोल टाके घाल."

घातले. मेलीने मन लावून घातले.

मामाजी उठले, पटाशी दगडावर फिरवली. खर्रर्र! धारेचे दात पडले.

"हे कोनं केलं?"

"मी," पदराआडून मी चक्क हसून सांगितलं. शाबासकी मिळायची होती ना!

मामाजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. सासूबाईंना म्हणाले, "सांगा तिले, बारीक धार चिकन्या दगडावरच येते. जलम गेला असा दगड भेटाले. आता तिलेच घेऊन चला बाजारात. निवडू द्या."

भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, मी दगडांच्या ढिगापुढे बसले. एकावर नख अडकलं. एक शिंपडलेलं पाणीच पिऊन टाकी. एकात वाळूचा कण. बोटं सोलवटली, तेव्हा एकावरून नख लोण्यावरून जावं तसं घसरलं. मामाजी "हं" म्हणाले. एवढंच.

दरवाजा वास्तुशांतीच्या सकाळी लागला. जुन्या दगडावर मी चटणी वाटते. धार लावायच्या तेलाचा वास काही जात नाही.

नवा दगड उत्तम आहे. फक्त गल्लीत "जात्याले टाकीऽऽ" ऐकू आलं, की मामाजी हातचं काम टाकून त्या दगडावर जाऊन बसतात, आणि टाकारीण बाळापूरच्या वाटेला लागेपर्यंत उठत नाहीत.

भाकरी मी तिथेच नेऊन वाढते.