आखाजीचा मुहूर्त

ब्राह्मणपुरीच्या रुक्मिणीबाईंकडे पास व्हायचं तर नुसता धडा वाचून भागत नसे, लावलेलं रोपही जगवावं लागे. रोप वाळलं की बाई सरळ नापास करत, मग तो पाटलाचा लेक का असेना! १९५४ साली त्यांनी शाळा सुटलेल्या पोरापोरींसाठी मंडळ काढलं आणि गावाबाहेरच्या मोठ्या निंबाखाली वर्ग भरवला. त्याची फांदी कुणी मोडलीच, तर बाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

चार वर्षांनी मंडळाचे अध्यक्ष चुनीलालभाई यांनी वर्गाला पक्की खोली द्यायचं ठरवलं. बाई हरखल्या. पण खोली त्याच निंबाच्या जागेवर, आणि छपरालाही त्याचंच लाकूड! पंधरा हात पलीकडे घ्या हो भाऊ, म्हणून बाईंनी परोपरीनं विनवलं. चुनीलालभाई कसले ऐकतात!

"मुहूर्त काढेल शे," ते म्हणाले. "आखाजीले झाड पाडानं, पाया खंदाना."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतला दिवस. असा मुहूर्त कोण मोडणार?

बाईंना दोन दिवस अन्न गोड लागेना. मग चुलीपुढं बसल्या बसल्या त्या एकाएकी हसायलाच लागल्या. एवढा शहाणा माणूस, मुहूर्त बघितला आणि सण विसरला! आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. माहेरवाशिणीचा झोका सणाच्या दिवशी सोडायची खानदेशात कुणाची छाती आहे? बाईंनी घरोघरी निरोप धाडला, यंदा झोके वर्गाच्या निंबाला.

आखाजीच्या सकाळी चुनीलालभाई कुऱ्हाडवाल्या उदेसिंगला घेऊन आले, तो निंबाला नऊ झोके! सगळ्यांत उंच झोका त्यांच्याच लेकीचा, कोकिळेचा. बाईंच्या हाताखाली शिकलेली ही पोर लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला आली होती. उदेसिंगनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि बिडी पेटवली.

कोकिळेनं पाय टेकून झोका थांबवला.

"आबा, मन्हा झोका सोडशात का?"

चुनीलालभाई बाईंकडे वळले. बाईंना वाटलं, हा माणूस चिडला तर निंबही जाईल आणि मंडळही. पण चुनीलालभाईंची नजर पुन्हा लेकीकडे गेली. वर्षभरात केवढी वाळली होती पोर, आणि आज कशी खुलली होती! ते खाकरले.

"उदेसिंग, पाया पल्याड खंद. मन्ही पोर आते दरसाल झोका खेळाले येई."

झालं! एरवी पोरांना दरडावणाऱ्या रुक्मिणीबाई सगळ्यांदेखत ढसाढसा रडल्या.