आमच्या पडवीतली प्रार्थना

सुपारी सोलत बसलं की सोलपटांचा ढीग कधी होतो ते कळत नाही. किश्श्यांचंही तसंच. चौलमधल्या आमच्या वाडीत रोज दिवेलागणीला पडवीत चटई पडते आणि घरची प्रार्थना होते. पन्नास वर्षं झाली. मी चौथी शिकलेला माणूस, लिहून ठेवलेलं काही नाही. आठवतं तेवढं सांगतो.

*

तरुणपणी मी फार लांब प्रार्थना करायचो. डोळे मिटले की गावातल्या सगळ्या आजाऱ्यांची नावं, मग पाऊस, मग सरकार. एकदा ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तर मांजर तव्यावरची मांदेली संपवून मिशा चाटत बसलेलं. आमचा याकोब तेव्हा पाच वर्षांचा. त्याने सगळं बघितलं होतं. ओरडला का नाहीस विचारलं, तर म्हणतो, “बाबा, प्रार्थनेत बोलायचं न्हाय असं तुमीच सांगितलंय.”

मार्था, म्हणजे आमची मंडळी, रिकामा तवा उचलत म्हणाली, “देवाला सगळं म्हाईत असतं. उद्यापासून थोडक्यात सांगा.”

*

याकोबला मी वचनं पाठ करायला लावली. चुकला की छडी. संडे स्कूलमध्ये पहिला आला, स्टीलचा पेला मिळाला. तो पेला मी येईल त्या पाहुण्याला दाखवायचो.

मोठा झाला, पनवेलकडे कंपनीत लागला. बायको, मुलगी इथेच आमच्याजवळ. तो शनिवार-रविवार येतो. चटईवर बसायचा, पण तोंड उघडायचा नाही. एकदा मी विचारलं, विसरलास काय रे सगळं?

“न्हाय बाबा, सगळं पाठ हाय,” तो शांतपणे म्हणाला. “पण आत काय न्हाय.”

त्यापेक्षा तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो पेला मी माळ्यावर ठेवून दिला.

*

म्हणून त्याच्या मुलीला, सलोमीला, मी काहीच पाठ करायला लावलं नाही. शेजारी बसवलं, एवढंच. ऐकून ऐकून तिला सगळं यायला लागलं. सहा वर्षांची असताना जेवणाआधी प्रार्थना करते म्हणाली. बांगड्याचं कालवण होतं. तिने माशासाठी देवाचे आभार मानले, आणि शेवटी म्हणाली, “आणि याच्या आईला आज जास्त रडू येऊ देऊ नको.”

कुणाचा हात ताटाकडे जाईना. सलोमी मात्र पोटभर जेवली!

*

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रभूची प्रार्थना म्हणताना सलोमी एका ओळीला गप्प व्हायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, ही ती ओळ. तीन दिवस मी बघत होतो. शेवटी विचारलं. तर शाळेत श्रावणीने तिची कंपासपेटी मोडली होती.

“मी अजून तिला माफ न्हाय केलं. देवासमोर खोटं कसं बोलू?”

चौथ्या दिवशी ती ओळ तिने शेजारच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटली. मिटलं असणार.

*

शेजारची वाडी माझ्या धाकट्या भावाची, थोमाची. सामाईक विहिरीच्या पंपावरून आमचं बिनसलं, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मध्ये फक्त दगडांचा गडगा. तो खोकला तरी ऐकू यायचं, पण बोलणं नव्हतं.

त्याच आठवड्यात शनिवारी याकोब घरी होता. चटई पडायच्या आधी सलोमीने मला सहज विचारलं, “आजोबा, तुमी ती ओळ रोज कशी काय बोलता?”

मी चटई घातली. प्रार्थना सुरू झाली. ती ओळ आली आणि माझा आवाज निघेना. मार्था पुढे सांभाळून नेईल असं वाटलं, पण तीही थांबली. सून थांबली. याकोबने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो, चपला घातल्या आणि गडग्याच्या फटीतून पलीकडे गेलो. थोमा ओट्यावर सुपारी सोलत होता. अकरा वर्षांत फार म्हातारा झालेला. मान वर न करता म्हणाला, “काय काम हाय?”

“प्रार्थना अर्धी राहिलीय,” मी म्हटलं.

माझ्या मागे सलोमी आली, तिच्या मागे मार्था आणि सून, सगळ्यांत शेवटी याकोब. थोमाने हातातली सुपारी खाली ठेवली, टोपी काढली आणि सोलपटं बाजूला सारून जागा केली.

मी त्याच्या शेजारी बसलो. डोळे मिटले. तोंड उघडणार, तेवढ्यात ती ओळ याकोबने सुरू केली.