रामकिसननं बुडवलेली बोट

आमच्या गावानं मोटारबोट पहिल्यांदा पाहिली ती पाण्यात नाही, कडब्यावर. दोन बैलगाड्या मागंपुढं लावून मधात वासे बांधले होते, त्यावर कडब्याच्या पेंढ्यांची गादी, न त्या गादीवर ती बाई पालथी-उताणी न होता अशी ऐटीत बसली होती, की हाकणाऱ्या रामकिसनलाच तिच्यासमोर पागोटं सरळ करावं वाटावं. पंचाहत्तरचा वैशाख. शेलूबाजारात जीपवाल्यांनी जीपा थांबवून तिला वाट दिली. रस्त्यातल्या एका म्हाताऱ्यानं तर टोपी काढून हात जोडले न विचारलं, "कोन्या देवीची पालखी व्हय बापा?"

"देवी नाई, बोट हाय."

"बोट? ते तं पान्यात राह्यते म्हन्ते."

"चालली ना पान्याकडंच."

म्हाताऱ्यानं चारी दिशेला पाहिलं. नांगरलेली काळी ढेकळं, वाळक्या पऱ्हाट्या न उन्हाच्या झळा. त्यानं पुन्हा हात जोडले. म्हणजे बोटीला नाही, रामकिसनला जोडले असावे.

रामकिसन कास्तकार माणूस. दोन हंगाम वाशीमला इंदरचंद शेठच्या कापसाच्या जिनात इंजनावर होता, तेवढाच काय तो लोखंडाशी संबंध. बोट तिथंच पडलेली होती. इंदरचंदच्या बापाला, जवरीलाल शेठला, हौस भारी. मुंबईला गेले की काहीतरी आणायचे. एकदा ही बोट आणली, घरच्या लेकराबाळांना तळ्यात फिरवायला. शेठ वारले न बोट जिनाच्या टिनाखाली गेली. राखणदाराची कोंबडी तिच्यात अंडी घालायची.

आता कास्तकाराला बोट कायले पाहिजे, हे सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या नाल्यावर धरणाचं काम निघालं. आमीच खोदलं, आमीच टोपल्या वाहिल्या. रामकिसनच्या बायकोनं, रुख्मिणीनंही वाहिल्या. चौऱ्याहत्तरच्या पावसात धरण भरलं, आणि ज्या नाल्यातून धोतर खोचून पल्याड जाता येत होतं, तिथं डोळ्याचा टप्पा पुरणार नाही एवढं पाणी पसरलं. आमच्या हातानं झालेलं, पण आमीच त्याच्यासमोर तोंड उघडं टाकून उभे. बाया तर पहिले काही दिवस काठावर जाऊन नुसत्या बसायच्या.

रुख्मिणीचं माहेर पल्याडच्या टेकडीवर, चार घरांची वस्ती. तिथं तिची माय, मानकर्णाबाई, एकटी. डोळ्यात मोतीबिंदू, पिठात हात घालते का विस्तवात हे कळायचं नाही. रुख्मिणी एकुलती एक लेक. रोज नाला ओलांडून जायची, मायची चूल पेटवायची, दोन भाकरी थापायची न परत यायची. म्हातारीला इकडं आणावं म्हटलं तर ती ऐकायची नाही. आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीही पेत नव्हती. म्हातारी म्हणे, "जवायाच्या दारात भाकर तोडू? मेल्यावर न्या मले, मंग मी काई बोलत नाई."

धरण भरल्यावर रुख्मिणी एकदा भोयाच्या कढईत बसून गेली. गुळाची मोठी कढई, तिच्यात बसून भोई जाळं टाकत फिरतात. ती कढई पाण्यात जात्यासारखी गरगर फिरली. रुख्मिणीनं सकाळची भाकर पाण्याला दिली न परत आल्यावर सांगितलं, "जीव गेला तरी चालन, पन कढईत नाई बसनार." मग उरली फेऱ्याची वाट. शेलूबाजारवरून, अख्खा दिवस. पावसाळ्यात तर त्या काळ्या चिखलातून माणूस काय, बकरी जात नाही. तोवर शेजारची अंजना म्हातारीला भाकर देत होती. पण मृग लागायच्या आधी अंजनाचं बिऱ्हाडही नव्या गावठाणात चाललं होतं. म्हणजे चार महिने मानकर्णाबाईची चूल पेटवायला कोणीच नव्हतं.

म्हणून रामकिसन वाशीमला गेला. इंदरचंद शेठनं त्याला मायकडं, अंगुरीबाईकडं पाठवलं.

"तुले कायले पाह्यजे रे बोट?" अंगुरीबाईनं विचारलं.

"सासूले भाकर पोचवाची हाय, बाई."

मागं उभा इंदरचंद खो-खो हसला. "सासूसाठी जहाज! आमच्या जवायाले नेऊन दाखवा हा मानूस."

अंगुरीबाई हसली नाही. "भोई येऊन गेले. लय देत होते. म्या नाई म्हनलं. शेठच्या हौसेची चीज हाय ते, त्याच्यात बसून जीव मारू देनार नाई. तू मासोळी धरशीन?"

"नाई, बाई."

"दुसऱ्याले धरू देशीन?"

"नाई."

"आन घे."

"माह्या बैलाची आन."

कास्तकार बैलाची आण घेतो म्हणजे पुढं बोलायचं काही उरत नाही, हे अंगुरीबाईलाही माहीत होतं. भंगाराच्या भावात बोट मिळाली, वरून कोंबडीनं घातलेली दोन अंडी.

बोट गावात आली न गावाचं कामधाम बंद पडलं. लाकडाच्या फळ्या एकीवर एक अशा वाकवून बसवलेल्या, की सुताराचा लखमा तिच्याभोवती फिरून फिरून थकला. "लाकूड असं वाकते?" तो म्हणे, न पुन्हा हात फिरवी, जशी नव्या गाईच्या पाठीवरून फिरवतात. मागच्या बाजूला खाली पितळेचा पंखा. जानराव, आमच्या गावचा रिकामा न तोंडाळ माणूस, त्यानं विचारलं, "सासूबाईले गरमी होते काय, रामकिसनभाऊ? पंखा लावून आनला."

इंजन आतून गच्च धरलं होतं. रामकिसननं त्याच्यात रॉकेल ओतून ठेवलं, लाकडी दांड्यानं हळूहळू ठोकलं, एकएक भाग खोलून चटईवर मांडला. एक दिवस दोरी ओढल्याबरोबर ते भडकन बोललं. गोठ्यातले बैल दावं तोडून पळाले, न रामकिसन धुरात उभा राहून रडल्यासारखा हसत होता.

राहिल्या फळ्या. एवढी वर्षं टिनाखाली तापून फळ्या आकसल्या होत्या. दोन फळ्यांच्या मधून विळ्याचं पातं जाईल एवढ्या फटी. लखमा न रामकिसननं त्या भर वैशाखात फटी बुजवायला घेतल्या. पातळ पाचरा ठोकल्या, त्यावर सरकी काढलेला कापूस, त्यावर डांबर. इतकं गच्च की मुंगी शिरणार नाही. लखमानं ठोकून पाहिलं न म्हणाला, "आता इच्यातून वारं बी जात नाई."

मग एका सकाळी बोट पाण्यात सोडली. नारळ फुटला. एक थेंब आत नाही. रामकिसन रुख्मिणीला म्हणाला, "उद्या जाऊ." गाव घरी गेलं. दिवस कलायला लागला तशी काठावर बंदुकीसारखा आवाज झाला. मग दुसरा. लोक पळत आले. बोटीच्या फळ्या आपोआप उकलत होत्या. खिळे सुटून उडत होते. एक फळी तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कमानीसारखी फुगली न निघून आली. ना वारा, ना लाट, कोणी हात लावला नाही. लोक मागं सरकले. कोणी तरी म्हटलं, पाण्यात काहीतरी आहे.

"नाल्याकाठी मसनवटी होती, तेच्यावरून पानी भरलं," जानराव दबक्या आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

बोट ओढून काठावर घेतली. रामकिसन डोक्याला हात लावून बसला. लखमा तर बोटीकडं पाहायलाही तयार नव्हता. मृगाला थोडेच दिवस उरले होते न अंजनानं खाटा बांधायला घेतल्या होत्या.

रुख्मिणी तेवढी बोटीजवळ गेली. निघालेली पाचर तिनं हातात घेतली, दाबून पाहिली.

"लखमादादा, हे तं फुगली."

"लाकूड पान्यात फुगनारच, वयनी."

"मंग उन्हाळ्यात गाडीचं चाक ढिलं होते तवा तुमी त्याच्यात पाचरा ठोकता का?"

लखमानं ती पाचर तिच्या हातातून घेतली. वैशाखात गावातलं प्रत्येक चाक खिळखिळं होतं, न प्रत्येक कास्तकाराला लखमा एकच सांगतो, पाचर मारू नका, रात्रभर पाण्यात टाका, चाक स्वतःच आवळून घेईल. हजार चाकं त्यानं पाण्यात टाकवली होती. पण बोट आली न त्याला ते लाकूडच वाटलं नाही, साहेबाची काहीतरी वस्तू वाटली. आकसलेल्या फळ्यांच्या फटी गच्च भरल्या, लाकूड फुगलं, त्याला जागाच नव्हती. मग ते कुठं जाणार?

"म्या येडा व्हय," लखमा म्हणाला. "रामकिसन, इंजन काढ. हे बुडवावं लागते."

"काय?"

"बुडवावं लागते. पुरी."

रामकिसननं त्याच्याकडं असं पाहिलं, जसा कोणी त्याचा बैल कापायची गोष्ट करून राह्यला.

पाचरा, कापूस, डांबर सगळं काढलं, फळ्या पुन्हा ठोकल्या, फटी उघड्या ठेवल्या. इंजन वर घेतलं. मग उथळ पाण्यात बोट नेऊन तिच्यात दगड भरायला लागले. अख्खं गाव काठावर. जानरावाचं तोंड पुन्हा सुटलं होतं, "मोल देऊन आनलेली चीज बुडवाले बी पाहुने बोलावले काय, भाऊ? तेरवीचं जेवन कवा हाय?" पण बोट जशी खाली बसायला लागली, तसा तोही टोपी काढून उभा राहिला. सगळ्या फटींतून पाण्याच्या पातळ धारा आत उभ्या राहिल्या, उन्हात चकाकल्या. बोटीनं मोठा सुस्कारा टाकल्यासारखे बुडबुडे सोडले, न हिरव्या पाण्याखाली जाऊन म्हशीसारखी स्वस्थ बसली. रामकिसन गुडघाभर पाण्यात तसाच उभा. त्याच्या पायाखालचं ते धन आता पाण्याचं होतं, परत द्यायचं की नाही ते पाण्यानं ठरवायचं.

आठवडाभर ती तिथं होती. लोक यायचे, वाकून पाहायचे. रुख्मिणी रोज संध्याकाळी यायची, बोटीकडं कमी न पल्याडच्या टेकडीकडं जास्त पाहायची.

मग दगड काढले, दोर बांधले, बैलांनी ओढलं. बोट वर आली ती मासोळ्यांनी भरलेली. चांदीच्या पट्ट्यांसारख्या तडफडत होत्या. जानराव पाटी घेऊन धावला.

"हात नको लावू!" रामकिसन ओरडला.

"अबे, ह्या तं आपल्या पायानं आल्या!"

"मासोळीले पाय नसते. सोड."

मग तो वेडा माणूस न त्याची बायको ओंजळी भरभरून मासोळ्या परत पाण्यात सोडत बसले, न जानराव काठावर बसून प्रत्येक मासोळीच्या नावानं उसासा टाकत होता. पाणी उपसलं. बोट पुन्हा पाण्यात ढकलली. लखमा तिच्यात आडवा झाला, फळ्यांना गाल लावून. सगळे थांबले.

"कोरडी हाय," आतून आवाज आला. "बापा रे. कोरडी हाय."

फळ्यांनी एकमेकींना असं धरलं होतं की मधली रेघसुद्धा शोधावी लागत होती. ना पाचर, ना डांबर. नुसत्या पाण्यानं पाणी अडवलं होतं. लखमा उतरला न काठावर जाऊन तंबाखू मळत राहिला.

इंजन चढवलं, दोरी ओढली. पंखा फिरला न मागचं पाणी नांगरल्यासारखं दुभंगलं. रामकिसन सुकाणूला, रुख्मिणी पुढं, पदर कमरेला. कढईतली आठवण होती म्हणून तिनं डोळे मिटले होते. पण बोट गरगरली नाही, सुतात चालली. तिनं डोळे उघडून खाली पाहिलं. पाणी निवळ होतं. खाली बाभळी उभ्या होत्या, वाळलेल्या, काट्यांसकट, न त्यांच्या फांद्यांमधून मासोळ्या पाखरांसारख्या उडत होत्या.

"आहो, पाहा ना," ती म्हणाली. "हे तं गायवाटीच्या बाभयी. ह्यांच्या शेंगा म्या बकऱ्यांले पाडल्या."

रामकिसननं इंजन हळू केलं. दोघं आपल्याच जुन्या वाटेच्या आभाळातून चालले होते. पुढं खालचं काही दिसेनासं झालं, नुसता काळा खोलपणा. नाल्याचं पात्र आलं होतं. त्या एवढ्या जागेत दोघंही श्वास धरून बसले. इंजन मात्र आपलं बडबडत होतं.

पल्याड काठावर मानकर्णाबाई काठी टेकत उभी होती. अंजना आधल्या दिवशीच गेली होती. "कोन व्हय?" म्हातारी ओरडली. "पान्यावरून टरक कोनी आनला?"

"माय, म्या व्हय, रुखमा!"

"नाल्यातून कशी आली तू?"

"वरून आली."

रुख्मिणी उतरून सरळ घराकडं गेली. म्हातारी तिथंच. ती चाचपडत बोटीपाशी आली, फळ्यांवरून हात फिरवत फिरवत मागं गेली, इंजनाच्या टिनापाशी थबकली. गरम होतं, अजून आतल्या आत थरथरत होतं. तिनं हात काढला नाही.

"हे जित्तं हाय?"

"नाई, आत्याबाई. लोखंड हाय."

"मंग धपापून काहून राह्यलं?"

रामकिसननं इंजन बंद केलं. एवढ्या मोठ्या पाण्यावर एकदम अशी शांतता पसरली, की टेकडीवर रुख्मिणी काटक्या मोडते तेही ऐकू आलं. म्हातारीनं पाण्याकडं तोंड केलं, जणू तिला ते आता कुठं दिसलं. "केवढं हाय व हे," ती हळू म्हणाली. मग घराकडं वळून ओरडली, "रुखमे, चार भाकरी जास्त टाक! जवाई पान्यावरून चालून आले."