तीनदा अडकणारी रेकॉर्ड

काही गुन्हे आठवले की बरं वाटतं. हा आठवला की आजही माझं डोकं फिरतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण राग काही कमी होत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कोणाचंही नाव घेणार नाही, पोलीस ठाण्याचंसुद्धा नाही.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. मी फौजदार होतो. आमच्या हद्दीत खाडी, उरली-सुरली मिठागरं आणि मोरा बंदराच्या बाजूचे कोळीवाडे होते. या गावांना गाण्याचा भारी सोस. चावी मारायचा जुना फोनो, म्हणजे कर्ण्याचा ग्रामोफोन, मी तिथे स्वतः पाहिला आहे. एका घरी तर त्याच्या कर्ण्यात कोंबडी अंडी घालायची. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, मोबदला हातात आला, तसे विजेवरचे रेकॉर्ड प्लेअर आले. त्यावर भरतकामाचा रुमाल असायचा आणि पोरांनी हात लावला की पाठीत धपाटा मिळायचा. हळदीच्या मंडपात रेकॉर्ड वाजली नाही तर पाहुणे नावं ठेवत. मग कॅसेट आली आणि रेकॉर्ड माळ्यावर जायला लागल्या.

याच वेळी गावात एक माणूस फिरू लागला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात ब्रीफकेस. तो सांगायचा की जुनी रेकॉर्ड द्या, खरखर काढून कॅसेट भरून देतो, रेकॉर्डही परत आणून देतो. छापील पावती द्यायचा. पाच-सहा घरांतून त्याने रेकॉर्ड नेल्या आणि पुन्हा फिरकला नाही. पावतीवरचा मुंबईचा पत्ता खोटा निघाला.

तक्रार घेऊन एक म्हातारी आली. मासळी विकणारी, साठी उलटलेली. तिच्या मोठ्या मुलाचा गळा चांगला होता. कोळीगीतांच्या एका मेळ्यात तो गायचा. मुंबईच्या एका लहानशा कंपनीने त्यांची एकच छोटी रेकॉर्ड काढली होती. वर्षभराने त्याची होडी वादळात गेली. देहसुद्धा हाती लागला नाही. मागे राहिली ती ही रेकॉर्ड. आता धाकट्याचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या घरात हळदीचं पहिलं गाणं नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणतो. तो नाही तर त्याचा आवाज तरी मांडवात हवा, आणि तो खरखर न करता हवा, एवढ्यासाठी तिने ती रेकॉर्ड त्या ब्रीफकेसवाल्याच्या हातात दिली होती.

हे सगळं मला नंतर कळलं. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी बंदोबस्ताला गेलो होतो. ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या हवालदाराने तिचं बोलणं अर्धंच ऐकलं, अदखलपात्र म्हणून दोन ओळी खरडल्या आणि तिला वाटेला लावलं. दुसऱ्या खेपेला मी होतो. हवालदार माझ्या कानाशी लागला, "साहेब, पाच-सात रुपयाची तबकडी हाय. मागल्या आठवड्यात बी आली व्हती म्हातारी."

"साहेब, माजे पोराचा आवाज हाय त्यात," ती म्हणाली. "पैशे नको मला. लगीन म्हयन्यावर आलं हाय."

मी गुन्हा दाखल करून घेतला. यात कौतुकासारखं काही नाही. तो पहिल्याच दिवशी दाखल व्हायला हवा होता.

पुढे मी जे केलं त्याची मला लाज वाटते. ब्रीफकेसवाल्याला घरोघर घेऊन फिरला होता गावातलाच लाऊडस्पीकरवाला. लग्नकार्यात हाच मंडपात प्लेअर लावायचा. त्याच्या शब्दावर लोकांनी रेकॉर्ड दिल्या होत्या. म्हणजे साथीदार, असा हिशेब मी मांडला आणि त्याला उचलून आणला. पोलिसांना सोपा माणूस लागतो आणि हा सोपा होता. अंगात बनियन, पायात चप्पल नाही, बाजूने बोलायला वकील नाही. हवालदाराने त्याला दोन दिवस धुतला. मी शेजारच्या खोलीत केस डायरी लिहीत होतो. आवाज येत होता आणि मी लिहीत राहिलो.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घराची झडती घेतली. रेकॉर्डची रिकामी पेटी निघाली. त्याच्या स्वतःच्या चाळीस-पन्नास रेकॉर्ड तोच माणूस कॅसेट भरायला म्हणून घेऊन गेला होता. धंदाच बसला होता बिचाऱ्याचा. हे त्याने पहिल्या तासालाच सांगितलं होतं, फक्त ऐकायला कोणी नव्हतं.

मी त्याला समोर बसवून चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांनी धरला. म्हातारीची रेकॉर्ड ओळखायची कशी, असं मी विचारलं. कंपनीने तिच्या अशा शेकडो प्रती काढल्या असतील.

"ओळखाला काय लागतंय," तो म्हणाला. "एका हळदीत नाचताना कुनाचा तरी धक्का लागला, सुई आडवी गेली. तवापासून दुसऱ्या कडव्यात अडकते. तीच ओळ फिरून फिरून येते. तीनदा वाजू द्यायची, मग मी बोटानं सुई पुढं सारतो. गाववाल्यांना सवय झाली. नाचनारे पन तीनदाच गिरकी घेतात. आमचे पोरांना वाटतं, गानं तसाच हाय."

मी त्याला सोडून दिलं. त्याची माफी मागायचं मनात होतं, मागितली नाही.

पुढचा धागा पोलिसांनी शोधला नाही, तो चालत आला. त्या गावच्या बायका टोपली घेऊन नेरूळच्या नव्या इमारतींत मासळी विकायला जात. म्हातारीची जाऊ एका सोसायटीत जिने चढत असताना तिसऱ्या मजल्यावर बंद दारामागे तिला ते गाणं ऐकू आलं. आणि दुसऱ्या कडव्यात ते अडकलं. तीनदा वाजलं, चौथ्यांदा वाजलं, पाचव्यांदा वाजलं. सुई सारायला कोणी नव्हतं. ती टोपली तिथेच ठेवून खाली आली, एसटी पकडली आणि सरळ आमच्या ठाण्यात. पुन्हा तोच हवालदार. "गाणं ऐकलं म्हणून धाड टाकू का?" असं म्हणून त्याने तिला हाकललं. चार दिवसांनी लाऊडस्पीकरवाला मला बाजारात भेटला, त्याने सांगितलं. ज्याला आम्ही झोडपला त्यानेच आम्हाला खबर दिली. त्या हवालदाराला मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

नेरूळ दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत. तिथला एक शिपाई सोबत घेतला, त्याच इमारतीतले दोन पंच घेतले, म्हातारीलाही घेतलं, आणि दार वाजवलं. तोच इस्त्रीचा शर्ट. घरात खोकीच्या खोकी रेकॉर्ड, एक झकास प्लेअर, त्याला जोडलेला टेपरेकॉर्डर.

"मी संग्राहक आहे, इन्स्पेक्टरसाहेब," तो म्हणाला. मला बसायला खुर्ची दिली. म्हातारी दारातच उभी. "या रेकॉर्ड मी चोरबाजारातून विकत घेतल्यात. त्या लोकांना काय किंमत त्यांची? गरम पातेली ठेवतात त्यांच्यावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातही चीड अशी की त्याच्याशी मी अहो-जाहोनेच बोलत होतो. बनियनवाल्याला अरे-तुरे आणि लाथा, पेनवाल्याला अहो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, अंगातच मुरलं होतं.

मी म्हातारीला पंचांसमोर विचारलं, रेकॉर्ड कुठे अडकते. तिने ती ओळ म्हणून दाखवली. पंचनाम्यात ती लिहून घेतली, पंचांच्या सह्या घेतल्या आणि मगच प्लेअर लावला. खोलीत एका तरुण माणसाचा मोकळा, भरदार आवाज आला. म्हातारी भिंतीला टेकून उभी होती. दुसरं कडवं आलं, बरोबर त्याच ओळीवर सुई अडकली. एकदा, दोनदा, तीनदा.

"झालं तीनदा," ती हळूच म्हणाली. "आता सारा त्याला पुढं, साहेब."

मी बोटाने सुई सारली. पंचांपैकी एक गृहस्थ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

संग्राहकाचं सोंग तासाभरात कोसळलं. चांगल्या रेकॉर्ड तो मुंबईतल्या हौशी लोकांना विकत असे, विकण्याआधी प्रत्येक वाजवून बघत असे. ही अडकणारी म्हणून कोणी घेतली नव्हती, म्हणून ती घरात राहिली होती. मी त्याला अटक केली आणि माल जप्त केला.

"आता मी घेऊन जाऊ?" म्हातारीने विचारलं.

मी म्हणालो, "आजी, आता हा मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही. पण हळदीच्या आत देतो. माझा शब्द."

शब्द पाळायला मी धडपडलो, हे खरं. आरोपीचा वकील तयारीचा होता, ओळखीच्या पुराव्यावर तो बोट ठेवणार हे दिसत होतं. म्हणून मी हवालदाराला बजावलं की त्या रेकॉर्डचं सील पक्कं करा, वकिलाला बोलायला जागा राहता कामा नये. मग रेकॉर्ड तिच्या ताब्यात द्यायच्या सुपूर्दनाम्यासाठी अर्ज केला, सरकारी वकिलांच्या मागे लागलो, कोर्टात तीन खेपा घातल्या. हुकूम हातात पडला तेव्हा हळद दुसऱ्या दिवसावर आली होती. मी खूश होऊन म्हातारीला निरोप धाडला. ती आली, सोबत लाऊडस्पीकरवाला आपला प्लेअर घेऊन आला. ठाण्यातच वाजवून बघू म्हणाला.

मुद्देमाल कारकुनाने कपाटातून वस्तू आणून टेबलावर ठेवली.

रेकॉर्डचं कव्हर चोराने कधीच फेकून दिलं होतं. आमच्या माणसांनी मधल्या भोकातून सुतळी ओवून ती चारी बाजूंनी पार्सलासारखी आवळली होती. प्रत्येक गाठीवर, दोन्ही अंगांनी, तापलेली लाख ओतली होती आणि त्यावर पितळी शिक्का दाबला होता. आठ सीलं होती. लाखेखाली रेकॉर्ड वितळून खोलगट झाली होती. उरलेल्या जागेवर खळीने लेबल डकवलं होतं. त्यावर गुन्हा क्रमांक, कलमं, पंचांच्या सह्या. आणि खाली माझी सही. लेबल आलं, सही ठोकली, वस्तूकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"पक्कं सील करा म्हनला व्हता साहेब," हवालदार म्हणाला.

लाऊडस्पीकरवाल्याने ब्लेडने एक सील हलक्या हाताने उचललं, त्यासोबत गाण्याच्या रेघाही निघून आल्या. तरी त्याने रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली. सुई उडाली, घासत मध्यापर्यंत गेली आणि खरखरत राहिली. त्याने दोनदा उचलून ठेवली. मग प्लेअर बंद केला आणि वायर गुंडाळू लागला.

आणि इथे मला जे सुचलं ते आजही मला जाळतं. नेरूळच्या त्या घरात प्लेअरला जोडलेला टेपरेकॉर्डर होता. जप्तीच्या यादीत तो मीच लिहिला होता. रेकॉर्ड अख्खी वाजली होती, सगळे ऐकत उभे होते. एक बटण दाबलं असतं तर कॅसेट भरली असती. म्हातारीने चोराकडे तेवढंच मागितलं होतं. ते मला पाच मिनिटांत देता आलं असतं आणि माझ्या डोक्यात पुरावा सोडून काही नव्हतं.

म्हातारी रडली नाही. तिने रेकॉर्ड पदराने पुसली, लाखेवरून बोट फिरवलं.

"चोराचे घरी व्हता तवा गात व्हता माजा पोर," ती म्हणाली. "तुमचेकडं आला आनि मुका झाला."

मग तिने विचारलं, अंगठा कुठे लावायचा. मी सुपूर्दनामा पुढे केला. त्यावर छापलेलं होतं, 'वस्तू सुस्थितीत मिळाली'. तिने अंगठा लावला. मी तोही कागद फाईलला लावला.

तशी दुसरी रेकॉर्ड मी पुढे कित्येक वर्षं शोधली. कंपनी बुडालेली, चोरबाजारातल्या माणसांना नावसुद्धा माहीत नाही. मिळाली नाही.

आरोपीला शिक्षा झाली. खटला कसा भक्कम उभा केला, याचं कौतुक झालं. मला मात्र या प्रकरणाने एकच गोष्ट शिकवली, आणि ती शिकायला एका बाईची शेवटची वस्तू मोडावी लागली. चोर पकडणं हे आमचं काम असतं, पण फिर्यादी ठाण्यात येतो तो चोरासाठी येत नाही. त्याला काय परत हवं आहे हे आधी विचारायला हवं, आणि ते आपल्याच हातून मोडणार नाही हे बघायला हवं. पुढे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी मुद्देमालाच्या कपाटापुढे उभं करून हे सांगितलं. काहींना तो म्हाताऱ्या अधिकाऱ्याचा चक्रमपणा वाटला.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी सेवापुस्तकातले चांगले शेरे वाचून दाखवले. त्यात या तपासाचाही होता, 'पुराव्याची उत्कृष्ट जपणूक'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथेच उठून खरं काय ते सांगायला हवं होतं. मी गळ्यात हार घालून बसून राहिलो.